पाच, सात, तेरा... आणि सम गायब!

रॉक म्हटलं की चार मात्रा. एक-दोन-तीन-चार, दुसरीवर आणि चौथीवर स्नेअर ड्रमचा फटका, आणि मान आपोआप डोलायला लागते. १९६०चं दशक संपता संपता इंग्लंडमधल्या काही पोरांना या चाराचा कंटाळा आला. त्यातून जे उभं राहिलं ते प्रोग्रेसिव्ह रॉक, लाडानं 'प्रॉग'. वीस-वीस मिनिटांची गाणी, ऑर्गनची आतषबाजी आणि पाच, सात, नऊ, तेरा मात्रांची आवर्तनं. ऐकणारा टाळी द्यायला जातो आणि हात हवेतच राहतो.

रूपक आणि झपताल ऐकत वाढलेल्या कानांना सात-दहा मात्रांचं भय वाटायचं कारण नाही. पण एक गोम आहे. आपल्याकडे तबलजी ठेका धरतो. बोलांवरून, टाळी-खालीवरून आपण कुठं आहोत ते कळतं. रॉकमध्ये असा ठरलेला ठेका नसतो. सम आपली आपण हुडकायची. मात्रांचा आकडा सापडला म्हणजे निम्मं काम झालं. तो आकडा कुठं तोडलाय हे कळलं की गाणं उलगडतं. ७/४ असं लिहिलेलं दिसलं तर वरचा सात महत्त्वाचा, तो आवर्तनाच्या मात्रा सांगतो. खालचा आकडा एवढंच सांगतो की कोणत्या लांबीच्या स्वराला एक मात्रा धरलंय. ती लिहिणाऱ्याची सोय, ऐकणाऱ्यानं त्यात अडकू नये.

तर चला, मोजायला सुरुवात.

फूटपट्टीनं कापलेले सात

पिंक फ्लॉइडचं 'मनी' (१९७३) वाद्यांनी नाही, पैशांच्या आवाजानं सुरू होतं. नाण्यांचा खणखणाट, कागद फाटल्याचा आवाज, कॅश रजिस्टरची घंटी. रॉजर वॉटर्सनं हे आवाज टेपवर घेतले. नाण्यांसाठी त्यानं बायकोचं माती कालवायचं मोठं भांडं वापरलं, त्यात नाणी टाकत बसला. मग फूटपट्टी लावून टेपचे सारख्या लांबीचे तुकडे कापले, एकाला एक चिकटवले आणि दोन टोकं जोडून ते वेटोळं यंत्रावर फिरत ठेवलं. दर सात आवाजांनी फेरा पूर्ण. पुढं बेस गिटार येते तीही याच सातांवर.

आता गंमत ऐका. सॅक्सोफोनचा सोलो सातातच आहे. पण डेव्हिड गिल्मरची गिटार सुरू झाली की गाणं गुपचूप चार मात्रांवर येतं. मोकळेपणानं वाजवायला चार बरे! सोलो संपला की पुन्हा सात. पायानं ताल धरून ऐकलंत तर पाय कधी सैलावला आणि कधी पुन्हा अडखळला, हे नेमकं कळेल. सात मात्रांचं हे गाणं अमेरिकेच्या यादीत १३व्या क्रमांकापर्यंत चढलं होतं.

पाच तेच, तोडणी वेगळी

'टेक फाइव्ह' (१९५९) हे प्रॉग नव्हे, जॅझ. पण प्रॉगवाल्या पोरांचे कान ज्यावर तयार झाले त्यातलं हे एक. डेव्ह ब्रुबेकच्या चौकडीतल्या पॉल डेझमंडनं ते रचलं. पियानोवर ब्रुबेक एकच आकृती घोटत राहतो आणि तीच आपल्याला तोडणी सांगते: तीन अधिक दोन. डेझमंड १९७७ साली गेला. त्यानं मृत्युपत्रात आपल्या रचनांचे हक्क अमेरिकन रेड क्रॉसला दिले होते. म्हणजे पाच मात्रांच्या या धुनेची कमाई आजही मदतकार्याला जाते.

आता लालो शिफ्रिनची 'मिशन इम्पॉसिबल'ची धून (१९६६) आठवा. तीही पाचातच, पण इथं अर्ध्या मात्रा मोजाव्या लागतात. त्या दहा भरतात आणि तुटतात अशा: तीन-तीन-दोन-दोन. लांब, लांब, आखूड, आखूड. मोर्स कोडमध्ये 'एम' म्हणजे दोन डॅश आणि 'आय' म्हणजे दोन डॉट. मिशन इम्पॉसिबलची आद्याक्षरं बरोब्बर बसतात! १९९६ साली सिनेमा आला तेव्हा यूटू बँडच्या अ‍ॅडम क्लेटन आणि लॅरी मलननं या धुनेला चार मात्रांत बसवलं. नाचायची सोय झाली, लंगडण्यातली मजा गेली.

आपला झपतालही दहाचाच, पण तो दोन-तीन-दोन-तीन असा चालतो. आकडा एक, चाली अनेक.

पाचावर नाव कमावणारे आणखी दोघं. जेथ्रो टलचं 'लिव्हिंग इन द पास्ट' १९६९ साली ब्रिटनमध्ये तिसऱ्या क्रमांकावर गेलं. आणि इमर्सन, लेक अँड पामरचं 'टार्कस' (१९७१) हे आपल्या वीस मिनिटांच्या रचनेची सुरुवातच पाचाच्या धडाक्यानं करतं. मुखपृष्ठावर रणगाड्याचे पट्टे लावलेला आर्माडिलो, आत पाच मात्रांची तोफ. तरीही अल्बम ब्रिटनमध्ये पहिल्या क्रमांकावर!

विमानतळाचे लघु-गुरू

कॅनडाच्या रश या त्रिकुटाचं 'वाय-वाय-झेड' (१९८१) हे नावच मुळी टोरांटो विमानतळाचं सांकेतिक नाव. तिथला रेडिओ-दीप विमानांना हीच तीन अक्षरं मोर्स कोडमध्ये पाठवतो. रशनं त्या संकेताचाच ताल केला.

शाळेत वृत्तं शिकलेल्या मराठी माणसाला हा ताल कागदावर सोडवता येतो. डॅश म्हणजे गुरू, दोन मात्रा. डॉट म्हणजे लघू, एक मात्रा. (अस्सल मोर्समध्ये डॅश डॉटच्या तिप्पट लांब असतो, रशनं तो दुप्पट ठेवला.) आता मांडा:

वाय: गुरू, लघू, गुरू, गुरू. मात्रा सात.
पुन्हा वाय: मात्रा सात.
झेड: गुरू, गुरू, लघू, लघू. मात्रा सहा.

एकूण वीस. या वीस छोट्या मात्रा दोन-दोननं जोडल्या की होतात दहा, म्हणून संगीताच्या वहीत हा ताल १०/८ लिहितात. पण नुसतं 'दहा' म्हणून मोजायला गेलात तर फसाल, कारण त्या दहाचे सरळ तुकडे पडतच नाहीत. सात-सात-सहा म्हणा, गाडी लगेच रुळावर येते. गणांचे शौकीन असाल तर आणखी एक: 'वाय'ची सुरुवात होते र गणानं आणि 'झेड'ची त गणानं.

या वाद्यरचनेला ग्रॅमीचं नामांकन मिळालं, पण पुरस्कार गेला द पोलिस बँडच्या 'बिहाइंड माय कॅमल'ला. ती धून बँडमधल्याच स्टिंगला इतकी नावडती होती की त्यानं ती वाजवायलाच नकार दिला होता.

चौकट: मोजायचं कसं?

१. आकडे विसरा. आधी पायानं सारखी लय धरा. घड्याळासारखी, मध्ये काहीही झालं तरी न बदलणारी.

२. परत येणारी खूण शोधा. रिफचा (पुन्हापुन्हा घोटल्या जाणाऱ्या आकृतीचा) पहिला स्वर, बेसचा सगळ्यात खालचा सूर किंवा झांजेचा मोठा आवाज. दोन खुणांमधलं अंतर म्हणजे आवर्तन.

३. चालून बघा. ही सगळ्यात स्वस्त युक्ती. दर आवर्तन त्याच पायावर सुरू होत असेल तर मात्रा सम. एकदा डाव्यावर, एकदा उजव्यावर सुरू होत असेल तर विषम. कागद-पेन्सिल नको.

४. दोन आणि तीनमध्ये तोडा. तीनला 'तकिट', दोनला 'तक' म्हणा. 'तकिट तक तक' झालं की सात. रूपक असाच तुटतो.

५. अर्धी मात्रा उरतेय? लय दुप्पट करून पुन्हा मोजा. साडेतीनचे सात होतात आणि हिशेब मिटतो.

६. स्नेअर ड्रमवर आंधळा विश्वास ठेवू नका. अनेकदा ड्रमर मुद्दाम वेगळंच सांगत असतो. त्याच्याबद्दल पुढं येतंच.

एका नवाची दुसऱ्या नवाला ओळख नाही

१९५८ साली अमेरिकेच्या परराष्ट्र खात्यानं डेव्ह ब्रुबेकला दौऱ्यावर पाठवलं. तुर्कस्तानात त्यानं रस्त्यावरच्या वादकांकडून नऊ मात्रांची एक चाल ऐकली: दोन-दोन-दोन-तीन. तीन दुडक्या आणि शेवटी एक झोका. त्यातून आलं 'ब्लू राँदो आ ला तुर्क'. नवाचा पाश्चात्त्य संगीतातला नेहमीचा मार्ग म्हणजे तीन-तीन-तीन. ब्रुबेक तोही मध्येच टाकतो, म्हणजे ऐकणारा पुन्हा गोंधळलाच पाहिजे.

जेनेसिसच्या 'सपर्स रेडी' (१९७२) या सुमारे तेवीस मिनिटांच्या रचनेत एका भागाच्या नावातच हिशेब आहे: 'अपॉकॅलिप्स इन ९/८'. प्रलय, तोही नऊ मात्रांत! इथली तोडणी तीन-दोन-चार. बेस, गिटार आणि ड्रम ही आकृती हातोड्यासारखी ठोकत राहतात. टोनी बँक्सचा ऑर्गन मात्र वरून स्वतःच्या हिशेबानं निघतो, कधी चारांत वाक्यं टाकतो, कधी सातांत. खालची आकृती धरून ठेवा आणि ऑर्गनला खुशाल भटकू द्या. उलट केलंत तर दोन्ही हातचे जातील.

आणि हा विनोद: विषम मात्रांचे पुढारी म्हणवणाऱ्या प्रॉगवाल्यांपैकी कीथ इमर्सननं, द नाइस या आपल्या आधीच्या बँडमध्ये असताना, ब्रुबेकच्या त्याच 'ब्लू राँदो'चं 'राँदो' केलं. आणि केलं ते चक्क चार मात्रांत. नऊ मात्रा तुर्कस्तानातून अमेरिकेत सुखरूप पोचल्या, इंग्लंडच्या वेशीवर मात्र हरवल्या.

तेरांचं वावडं नाही

जेनेसिसचं 'टर्न इट ऑन अगेन' (१९८०) ऐकायला सरळसोट रेडिओवरचं गाणं. ब्रिटनमध्ये ते आठव्या क्रमांकावर गेलं. पण मोजा: तेरा! गिटारवादक माइक रदरफर्डला आपली ही चाल साध्या चाराची वाटत होती; ती तेराची आहे हे ड्रमर फिल कॉलिन्सनं त्याच्या लक्षात आणून दिलं, असा किस्सा आहे. लोक यावर नाचायला जातात आणि दर फेऱ्याला एक पाय चुकतो. चालून बघायच्या युक्तीसाठी याहून चांगलं गाणं नाही.

किंग क्रिमसनच्या 'स्टारलेस'मध्ये (१९७४) तेच तेरा, पण भाव पार वेगळा. मधल्या भागात बेस गिटार तेरा मात्रांची संथ आकृती फिरवत राहते आणि रॉबर्ट फ्रिप गिटारवर जवळजवळ एकाच सुराला चिकटून बसतो. मिनिटांमागून मिनिटं ताण चढत जातो, मग वेग वाढतो आणि तेच तेरा धावायला लागतात. एका ठिकाणी तेरा नाचवतात, दुसऱ्या ठिकाणी श्वास रोखायला लावतात. आकड्याला स्वतःचा स्वभाव नसतो, हे पटवायला ही दोन गाणी पुरेशी आहेत.

साडेसहा!

अमेरिकेच्या टूल बँडचं 'स्किझम' (२००१) बेस गिटारच्या ज्या आकृतीनं ओळखलं जातं ती पाच अधिक सात अशी तुटते. एकूण बारा. बारा म्हणजे सोपेच की! पण सहा-सहा म्हणून मोजायला गेलात तर मध्यावरच ठेच लागते. गाणं पुढं आणखी वळणं घेतं, त्यामुळे त्याच्या मात्रांवरून वाद घालणाऱ्यांना तोटा नाही. बँडनं त्यांच्या जखमेवर मीठ चोळलं: या गाण्याचा ताल 'साडेसहा बाय आठ' आहे, अशी थट्टा करून. या गाण्याला २००२ साली ग्रॅमी मिळालं, म्हणजे परीक्षकांनी मोजायचा नाद सोडला असावा.

९८७ आणि हेमचंद्र

'स्किझम' ज्या अल्बमात आहे त्याचं नाव ज्यावरून आलं ते 'लॅटरालस' तर हिशेबी लोकांचं आवडतं खेळणं. त्याच्या रिफचे फेरे अनुक्रमे नऊ, आठ आणि सात मात्रांचे. म्हणून घडत असताना गाण्याचं कामचलाऊ नाव होतं 'नऊ-आठ-सात'. मग लक्षात आलं की ९८७ ही फिबोनाची मालिकेतली संख्या आहे. १, १, २, ३, ५, ८, १३... मागच्या दोन मिळवायच्या की पुढची मिळते, ती मालिका. गायक मेनार्ड कीननच्या ओळींतली अक्षरंही सुरुवातीला याच मालिकेनं वाढतात आणि मग उतरतात.

फिबोनाचीनं ही मालिका १२०२ साली लिहिली. पण त्याच्या काही दशकं आधी, ११५०च्या सुमारास, गुजरातेत आचार्य हेमचंद्रांनी ती छंदशास्त्रात मांडली होती आणि त्यांच्याही आधी विरहांकानं. प्रश्न निखळ तालाचा होता: लघू एक मात्रेचा, गुरू दोन मात्रांचा, तर ठरावीक मात्रांची ओळ किती प्रकारे भरता येईल? दोन मात्रांची दोन प्रकारे, तीनची तीन, चारची पाच, पाचची आठ, सहाची तेरा. पाच मात्रांचे आठ प्रकार स्वतः कागदावर मांडून बघा, पाच मिनिटांचं काम आहे.

आता हे गणित पुढं रेटा. सातला २१, आठला ३४, नऊला ५५, दहाला ८९... आणि पंधराला नेमके ९८७! पंधरा मात्रांची ओळ लघु-गुरूंनी भरायचे ९८७ प्रकार आहेत. टूलच्या चाहत्यांनी पंधरा मात्रांच्या पंचम सवारीवर हक्क सांगितला तर हरकत घेऊ नका.

उत्तर नावातच

काही रचनाकार दयाळू असतात. अमेरिकेच्या डॉन एलिसनं आपल्या जॅझ वाद्यवृंदासाठी एकोणीस मात्रांची रचना केली आणि तिचं नाव ठेवलं '३३ २२२ १ २२२'. बेरीज करा: एकोणीस. तोडणीसकट उत्तरपत्रिका मुखपृष्ठावर! १९६६च्या माँटेरे जॅझ महोत्सवात ती वाजली. ही आवड कुठून लागली? एलिस भारतीय ताल शिकला होता तो पंडित रविशंकरांचे शिष्य हरिहर राव यांच्याकडे, आणि दोघांनी मिळून 'हिंदुस्तानी जॅझ सेक्स्टेट' काढलं होतं.

जगानं एकदम ऐकलेले सात

२५ जून १९६७. उपग्रहावरून अनेक देशांत एकाच वेळी थेट दिसलेला 'अवर वर्ल्ड' कार्यक्रम. ब्रिटनच्या वतीनं बीटल्स गातात 'ऑल यू नीड इज लव्ह'. त्याच्या कडव्यांत मुख्यतः सात मात्रा आहेत आणि ध्रुवपदात चार. कडव्यात डुलायचं, ध्रुवपदात टाळ्या पिटायच्या. कोट्यवधींनी ऐकलं, बहुतेकांना काही वेगळं घडतंय याचा पत्ताही लागला नाही.

बीटल्समधल्याच जॉर्ज हॅरिसनच्या 'हिअर कम्स द सन'मध्ये (१९६९) मधल्या भागात अकरा, आठ आणि सात अशा छोट्या मात्रांचे टप्पे एकामागून एक येतात. तीन-तीन-तीनच्या उड्या मारत गाणं जातं आणि शेवटी दोनाच्या पायरीवर उतरतं. हॅरिसननं सतार शिकायला घेतली होती, ती अशी कामी आली.

पीटर गॅब्रिएलनं १९७५ साली जेनेसिस सोडलं आणि १९७७ साली पहिलं एकट्याचं गाणं काढलं, 'सॉल्सबरी हिल'. तेही सातातच. पण प्रत्येक मात्रेवर सारखा ठोका पडत राहतो, त्यामुळे पायाला काही खुपत नाही. चालत ऐकलंत तर मात्र पाय बदलतो. ध्रुवपदाच्या अखेरीस थोडे चार येतात, तेवढाच विसावा.

भुताची एक मात्रा कमी

'द एक्झॉर्सिस्ट' सिनेमातली ती थंडगार पियानोची धून मूळ भुतासाठी नव्हतीच. ती माइक ओल्डफिल्डच्या 'ट्युब्युलर बेल्स'ची (१९७३) सुरुवात. एकोणीस वर्षांच्या या पोरानं बहुतेक सगळी वाद्यं स्वतः वाजवली होती आणि व्हर्जिन कंपनीचा तो पहिला अल्बम. ती धून पंधरा मात्रांची आहे: सात, मग आठ. सोळाच्या सवयीचे कान दर फेऱ्याला शेवटच्या मात्रेची वाट बघतात आणि ती येतच नाही. भीती वाटते ती या न आलेल्या मात्रेची.

दिग्दर्शक जॉन कार्पेंटरनं आपल्या 'हॅलोवीन' सिनेमासाठी (१९७८) धून स्वतःच रचली, पाच मात्रांत. पाचाचा हा ठेका त्याला लहानपणी वडिलांनी बाँगोवर शिकवला होता. 'मिशन इम्पॉसिबल'चीच तीन-तीन-दोन-दोन ही तोडणी इथं सुरा घेऊन मागं लागते.

मुळात सगळे चारच!

आता ती ड्रमरची लबाडी. लेड झेपलिनचं 'काश्मीर' (१९७५) विचित्र मात्रांचं वाटतं, पण जॉन बॉनम शांतपणे चार वाजवतोय. त्यावर गिटार आणि तंतुवाद्यं तीन-तीनच्या फेऱ्यांनी चढतात. तीन आणि चार बाराव्या मात्रेनंतर एका समेवर भेटतात आणि पुन्हा फारकत घेतात. वेगळं गणित शोधायला गेलात तर हाती काही लागणार नाही. दोन साधी गणितं एकाच वेळी चालू आहेत.

स्वीडनच्या मेशुगा बँडनं तर यावरच संसार उभा केला. गिटार आणि किक ड्रम भलत्याच लांबीची आकृती फिरवतात, पण झांज चारांची खूण सोडत नाही. गोंधळ झाला की झांजेला धरा.

किंग क्रिमसनच्या 'फ्रेम बाय फ्रेम'मध्ये (१९८१) दोन गिटार एकच जलद आकृती सुरू करतात. एक सात-सातनं, म्हणजे दोन फेऱ्यांना चौदा सुरांनी फिरते; दुसरी चौदातला एक सूर गाळून तेरांनी. त्यामुळे दर फेऱ्याला दुसरी एका सुरानं पुढं सरकते. तिहाई घेऊन समेवर येणाऱ्या तबलजीला हा खेळ सांगावा लागणार नाही.

सगळे रस्ते मुंबईवरून

१९५८च्या ज्या दौऱ्यात ब्रुबेकला तुर्की नऊ सापडले, त्याच दौऱ्यात तो भारतात आला. मुंबईत सतारवादक उस्ताद अब्दुल हलीम जाफर खाँ यांच्याबरोबर त्याची बैठक झाली. पुढच्याच वर्षी 'टाइम आउट' हा विषम मात्रांचा अल्बम आला, ज्यात 'टेक फाइव्ह' आणि 'ब्लू राँदो' दोन्ही आहेत.

१९७२ साली लेड झेपलिनचे जिमी पेज आणि रॉबर्ट प्लांट मुंबईत होते. कुलाब्याच्या 'स्लिप डिस्क' क्लबात त्यांनी वाजवलं, ही गोष्ट जुने रॉकवेडे अजून सांगतात. इथल्या वादकांना घेऊन त्यांनी स्टुडिओत दोन गाणी ध्वनिमुद्रित केली. त्यातलं एक 'फोर स्टिक्स', पाच आणि सहांच्या आट्यापाट्या खेळणारं. मूळ ध्वनिमुद्रणात बॉनमनं दोन्ही हातांत दोन-दोन काठ्या धरून ते वाजवलं, म्हणून ते नाव. मुंबईचं ध्वनिमुद्रण बाहेर आलं थेट २०१५ साली, 'फोर हँड्स' या नावानं. काठ्या गेल्या, हात आले!

आणि गिटारवादक जॉन मॅक्लॉक्लिन. त्याच्या महाविष्णू ऑर्केस्ट्राचं 'बर्ड्स ऑफ फायर' (१९७३) अठरा मात्रांत जळतं. मग त्यानं माहीमला वाढलेल्या झाकीर हुसेनना बरोबर घेऊन 'शक्ती' उभी केली. जे रॉकवाले मोजून-मापून करत होते, ते इथं बोटांतून सहज येत होतं. शक्तीच्या 'धिस मोमेंट'ला २०२४ साली ग्रॅमी मिळालं.

विषम? कुणाला?

बल्गेरियात राचेनित्सा हा लग्नाकार्यातला नाच सात मात्रांचा: दोन-दोन-तीन. कोपानित्सा अकराचा: दोन-दोन-तीन-दोन-दोन. म्हातारे-कोतारे त्यावर साखळी धरून नाचतात, मोजत कुणीच नाही. लांब पाऊल कुठं टाकायचं एवढं ठाऊक असलं की झालं. रूपकाची सम खालीवर पडते म्हणून आपल्याकडे तरी कोण अडखळतं?

ज्याचं उत्तर एक नाही

ड्रीम थिएटरचं 'द डान्स ऑफ इटर्निटी' (१९९९) जेमतेम सहा मिनिटांचं. त्यात ताल शंभराहून अधिक वेळा बदलतो. मध्येच जुन्या मूकपटांतल्यासारखा रॅगटाइम पियानो येतो आणि जातो. नेमका किती वेळा बदलतो? मोजणाऱ्यांची उत्तरं जुळत नाहीत, आणि कुणी चुकलेलं असेलच असंही नाही. एका ठिकाणी एकाला बारा ऐकू येतात, दुसऱ्याला पाच आणि सात. पहिल्यानं एक बदल धरला, दुसऱ्यानं दोन. तोडणी बदलली की बेरीज बदलते.

आता तुमची पाळी

चढत्या क्रमानं ऐका. सुरुवातीला 'सॉल्सबरी हिल', फिरायला जाताना. मग 'मनी', आणि गिटारपाशी चार पकडा. तिसरं 'टेक फाइव्ह', पियानोवर कान ठेवून. चौथं 'वाय-वाय-झेड', लघु-गुरू म्हणत. पाचवं 'टर्न इट ऑन अगेन', जमलं तर नाचत. सहावं 'अपॉकॅलिप्स इन ९/८', ऑर्गनकडे दुर्लक्ष करून. इथवर पोचलात तर 'स्किझम' घ्या आणि पाच-सातची वीण धरा.

शेवटी 'डान्स ऑफ इटर्निटी', एखाद्या मित्राला समोर बसवून. दोघांनी वेगवेगळं मोजा, मग कागद अदलाबदल करा. उत्तरं तंतोतंत जुळली, तर कुणीतरी कॉपी केलीय असं खुशाल समजा.